पळीभर उदक

पाट मांडून झालाय. समोर ताम्हन, डावीकडे तांब्या, उजव्या हाताशी पंचपात्र आणि पळी. पळीच्या टोकाचा नागाचा फणा आजोबांच्या, मग वडिलांच्या आणि आता तुमच्या अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झालाय. कार्तिकातली पहाट आहे. खिडकीखाली दूधवाल्याची मोटारसायकल थांबते, पुन्हा सुरू होते, पुढच्या इमारतीकडे जाते. घरात अजून कुणी उठलेलं नाही.

तुम्ही आचमन करता. उडदाचा दाणा बुडेल एवढंच पाणी घ्यायचं, असं आजोबा सांगायचे. तळहाताची खोलगट वाटी करताना त्यांची आठवण रोज येते. मग प्राणायाम. मग पळीभर पाणी उजव्या तळहातावर, त्यात दोन अक्षता, आणि तुम्ही डोळे मिटता.

इथवर सगळं रोजचंच. आज एवढंच वेगळं करा, हे पाणी लगेच सोडू नका.

एरवी संकल्पाचे पुढचे शब्द भराभर जातात. पूजेच्या पोथ्याही तिथे ‘देशकालौ संकीर्त्य’ एवढंच छापून मोकळ्या होतात. म्हणजे देश आणि काळ उच्चारून घ्या, तुम्हाला माहीत आहेच. तोंडाला माहीत असतं हे खरं. पण आज त्यातल्या एकेका शब्दावर पाय टेका. पत्ता लिहिताना आपण माणसाच्या नावापासून निघतो आणि जिल्ह्यापाशी पोचतो. इथे वाट उलटी आहे. सुरुवात थेट ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून होते. त्याची पन्नास वर्षं सरली, दुसरा परार्ध चालू आहे. त्यातला एकच दिवस, श्वेतवाराह कल्प, तुमच्या ४३२ कोटी वर्षांचा. दिवसाचे चौदा तुकडे, त्यातले सहा मनू होऊन गेले, सातवा वैवस्वत चालू. त्याची सत्तावीस महायुगं संपली, अठ्ठाविसाव्यातलं कलियुग आलं. कलियुगाची लांबी ४,३२,००० वर्षं, आणि शके १९४७ मध्ये त्यातली सरलेली वर्षं फक्त ५१२६. म्हणून प्रथम चरण.

या आकड्यांत काही लोक विज्ञान शोधतात. मला त्यात गोडी नाही. मला त्यांचं काम निराळं दिसतं. काल संध्याकाळपासून तुमच्या डोक्यात कुणाचा तरी एक शब्द घोळतोय, बँकेचा हप्ता आहे, दुपारी दवाखान्यात जायचंय. त्या सगळ्याला घेऊनच तुम्ही पाटावर बसलात. आणि पहिल्या चार शब्दांत ही पोथी तुम्हाला इतक्या उंचावर नेते की हप्ता दिसेनासा होतो. तिथे ठेवत मात्र नाही. कल्पावरून मन्वंतरावर, मन्वंतरावरून युगावर, एकेक पायरी खाली उतरवते. बौद्धावतार. जंबुद्वीप. भरतवर्ष. दंडकारण्य. बाहेर चौकातला सिग्नल पडल्यावर गाड्या सुटतात त्याचा आवाज येतोय आणि तुम्ही दंडकारण्य म्हणताय. तेही खरंच आहे. या जमिनीचं ते जुनं नाव.

आता नदी. पुण्यात बसलेला माणूस म्हणतो, गोदावरीच्या दक्षिण तीरावर. पलीकडचा म्हणतो, उत्तर तीरावर. गोदावरी तुमच्या खिडकीतून दिसत नाही, पण तुम्ही कुठे आहात ते ठरतं तिच्या कोणत्या अंगाला आहात यावरून. म्हणा, गोदावरी.

पाटाखालची फरशी ओली लागते. फरशी नाही, वाळू आहे. तुम्ही नदीकाठी उभे आहात. ही मात्र गोदावरी नाही, प्रवरा. इथून खाली प्रवरासंगमाला ती गोदेला मिळते. गाव नेवासे. साल शके १२१२, इसवी सनाचं १२९०. तळहात तसाच पुढे धरून, पाणी सांभाळत, तुम्ही देवळाकडे चढता.

दगडी खांबाला टेकून एक मुलगा बसलाय. परंपरेचा हिशोब धरला तर वय पंधरा. शेजारी थोरला भाऊ निवृत्ती, जो त्याचा गुरूही आहे. समोर सच्चिदानंदबाबा मान खाली घालून लिहितायत. ऐकणारे गप्प आहेत, पण ती कंटाळ्याची शांतता नव्हे. नऊ हजारांवर ओव्या बोलून झाल्यात आणि आता शेवट आलाय, हे सगळ्यांना कळलंय. मुलगा मागणं मागतो. तुम्हाला ते पाठ आहे, शाळेत रोज म्हणत होता. पण मागणारा पुढ्यात बसलेला असताना ते ऐकणं वेगळं. तो स्वतःसाठी काही मागत नाही. वाईट माणसाचं वाईट व्हावं असंही नाही, त्याच्यातलं वाईटपण तेवढं जावं.

आणि मग तो जे बोलतो ते शाळेत कुणी म्हणून घेतलेलं नव्हतं. युग कोणतं, तर कली. मंडळ कोणतं, तर महाराष्ट्र. काठ गोदावरीचा. क्षेत्राचं नाव. इथे न्यायानं राज्य करणारा यादव राजा रामचंद्र. मग आपली गुरुपरंपरा, आणि अगदी शेवटी साल.

तुमच्या हातातलं पाणी हलतं. हे तर देशकाल! तुम्ही रोज संस्कृतात पुटपुटता तेच, इथे मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. फक्त क्रम फिरलाय. तुम्ही आधी ठिकाण सांगता आणि मग हेतू. याने आधी जगासाठी मागितलं आणि मग आपण कुठून मागतोय ते सांगितलं. संन्याशाची मुलं म्हणून ज्या भावंडांना समाजानं बाहेर ठेवलं, त्यांतला हा एक. त्यानं आपली जागा किती नेमकी सांगितली ते बघा. या युगात, या नदीपाशी, या राजाच्या काळात, मी हे बोललो.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. सहा वर्षांनी, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून येईल आणि हाच रामचंद्र राजा त्याला शरण जाईल. त्याच साली, कार्तिकातच, वद्य त्रयोदशीला, हा मुलगा आळंदीला समाधी घेईल. हे सगळं तुमच्या ओठांवर येतं. पण सच्चिदानंदबाबा शेवटचं अक्षर लिहून लेखणी खाली ठेवतात, मुलगा डोळे मिटतो, आणि तुम्ही काही बोलत नाही. बोटांच्या फटीतून दोन थेंब दगडावर पडतात.

पुढचा शब्द संवत्सर. तो उच्चारताना अंधार होतो आणि त्या अंधारात घरघर ऐकू येते.

आधी वाटतं पाऊस. मग चुलीतल्या राखेचा, शेणानं सारवलेल्या भुईचा आणि दळल्या जाणाऱ्या नाचणीचा वास येतो. मुळा आणि नीळा नद्यांचं खोरं, मुळशी पेटा. बाहेर खाचरात भात कापणीला आलंय. पंचांगात बघाल तर शके १८४२, रौद्र नाम संवत्सर. इसवी सन १९२०. या घरात पंचांग नाही. खुंट्याला हात घालून एक बाई बसलीय आणि तिच्या समोरची जागा रिकामी आहे.

“ये, बस हितं,” ती म्हणते. “धर खुंटा.”

उजव्या हातात पाणी आहे, म्हणून तुम्ही डावा हात घालता. तिला ते खटकत नाही. पाय लांब करून बसायचं, एक पाय जात्याच्या अंगानं. वरची तळी वाटते त्याहून जड. तुम्ही जोर करता आणि जातं अडखळतं.

“ढकलू नगं. फिरू दी त्याला. माझ्या मागं मागं ये.”

चार फेऱ्यांत ते जमतं. तिचा हात ओढतो तेव्हा तुमचा सैल सुटायचा, तुमचा ओढतो तेव्हा तिचा. ती मोकळ्या हातानं मूठमूठ वैरण जात्याच्या तोंडात सोडते. मूठ किती मोठी ते बघा. जास्त पडली तर पीठ भरड येतं, कमी पडली तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कचकच उतरते. तिची मूठ प्रत्येक वेळी तेवढीच. अंधारात, न बघता. परवाच जात्याला टाकी लावून घेतलीय, म्हणून पीठ मऊ येतंय, असं ती सांगते आणि चिमटीत घेऊन तुमच्या मनगटावर टाकते. ते कोमट आहे.

आणि ती गायला लागते.

पहिली ओवी देवाची. मग तुळशीची. मग आईबापाची, त्यांच्या गावाच्या नावासकट. मग भावाची, तो ज्या वाटेनं भाऊबीजेला येतो त्या वाटेवरच्या ओढ्यासकट. मग नदी. मग ती जिथे दिली गेली ते हे गाव, त्याची वेस, वेशीवरचा देव. पाचव्या-सहाव्या ओवीला तुमच्या लक्षात येतं की हाही देशकालच आहे. कुणी तिला ब्रह्मदेवाचं वय सांगितलेलं नाही. ताम्हन-पळी घेऊन पाटावर बसून संकल्प सोडायचा अधिकार शतकानुशतकं मूठभर पुरुषांनी आपल्याकडे ठेवला, आणि हिच्यासारख्या बायांना, हिच्या जातीच्या पुरुषांनाही, त्यात जागा नव्हती. हा अन्याय होता आणि तो धर्माच्या नावानं झाला. पण ही कुणाच्या परवानगीची वाट बघत बसली नाही. ती रोज पहाटे उठते, देवापासून सुरुवात करते, एकेक पायरी उतरत आपल्या उंबऱ्यापाशी येते. ती कुठे आहे, कुणाची आहे आणि आज कोणता दिवस आहे, हे तिच्याइतकं नेमकं फार थोड्या लोकांना सांगता येईल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुढे या ओव्या गोळा करायला घेतल्या तेव्हा एक लाखाहून अधिक जमल्या. त्यांच्या कामाची सुरुवात याच डोंगरांतल्या गावांतून झाली.

उंबऱ्यापाशी आल्यावर तिचा आवाज थोडा खाली येतो. आता ती जावेचं नाव घेते. काल तोंड झालं, हे ओवीत येतं. कशावरून, तेही येतं, एका लुगड्यावरून. तिच्याकडून शब्द जास्त गेला, हेही ती जात्याला सांगते. आणि आजच्या दिवसाचं सांगते, चुलीपुढे आज आपण आधी बोलायचं. गाताना हात थांबत नाही. एवढी मोठी कबुली देताना मूठ तेवढीच राहते. ज्या गोष्टीची तुम्ही काल संध्याकाळपासून मनातल्या मनात सारवासारव करत होता, तशीच एक गोष्ट हिने चार ओव्यांत दळून टाकली.

पाठीमागच्या दाराची कडी वाजते. डोक्यावरून पदर घेत धाकटी जाऊ आत येते. काही न बोलता तुमच्याशेजारी वाकते, तुमच्या हाताच्या वर खुंटा धरते. तुम्ही हात काढून घेता. जातं एकदाही अडखळत नाही. पुढची ओवी धाकटी उचलते.

तुम्ही दारात उभे राहून खोऱ्याकडे बघता. उजाडतंय. तिच्या ओवीत आलेली वेस समोर आहे, ओढा आहे, वाट आहे. पुढच्या वर्षी, १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, इथे धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू होईल. सेनापती बापट त्यात उतरतील, मावळे उतरतील, बायकाही उतरतील. तरी धरण होईल आणि गावं बुडतील. आपल्या भाषेत एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे तिची आशा सोडणं. हा वाक्प्रचार दानाच्या वेळी हातावरून सोडायच्या उदकातून आलाय, जसं तुमच्या हातात आत्ता आहे. दान देणारा आपल्या राजीखुशीनं पाणी सोडतो. या घरातल्या कुणीही या जमिनीवर पाणी सोडलं नव्हतं. ते त्यांच्यावर सोडलं गेलं. त्या खोऱ्यात वीज तयार करायला अडवलेलं पाणी बघितलं की मला हा फरक आठवतो, आणि आठवत राहावा असं वाटतं.

मुळा नदी मात्र खाली उतरत राहते. तिच्या काठानं चालत या. पुण्यात तिला मुठा मिळते, आणि दोघींच्या पलीकडच्या तीरावर येरवड्याचा तुरुंग आहे. १९३०चा पावसाळा, मंगळवारची पहाट. नुकतीच प्रार्थना झालीय आणि गांधीजी साबरमतीच्या आश्रमाला पत्र लिहायला बसलेत. दर मंगळवारी एक पत्र, दर पत्रात एका व्रताचा विचार. तिथे, त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी, ते वाचून दाखवलं जाणार. इथे फार वेळ थांबू नका, त्यांना काम आहे. फक्त पत्राचा माथा वाचा. ठिकाण लिहिलंय, येरवडा मंदिर. वेळ लिहिलीय, मंगळप्रभात. तुरुंगाला मंदिर म्हणणाऱ्या माणसानं आपण कुठे आहोत हे नाकारलेलं नाही. त्या जागेत आपण काय करतोय, ते सांगितलंय. आणि याच पत्रांत ते बजावतात की जमेल तितकं करीन असं म्हणणाऱ्याचं व्रत हे व्रतच नव्हे.

तळहातात आता थोडंच उरलंय. एक अक्षता अंगठ्याच्या मुळाशी चिकटलीय. मनगटाला पीठ लागल्यासारखं वाटतंय.

परत या. देशकालाच्या उरलेल्या पायऱ्या उतरा. विश्वावसू नाम संवत्सर. दक्षिणायन. शरद ऋतू. कार्तिक मास, शुद्ध पक्ष. आजची तिथी. आजचा वार. आज चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे. तिथी माहीत नसेल तर उठून कालनिर्णय बघा, पण अंदाजानं म्हणू नका. ४३२ कोटी वर्षांवरून उतरत आलात ते या एका सकाळवर येण्यासाठी. ही सकाळ चुकीची सांगितली तर बाकीचं सगळं वाया जातं. मग गोत्र, मग नाव. तुमचं नाव, आईनं हाक मारायचं तेच.

आणि मग शेवटचा शब्द, करिष्ये. करीन. त्याच्या आधी मागण्यांची रांग असते खरी, क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य. ती असायला हरकत नाही, माणसाला हवं असतं. पण वाक्य तिथे संपत नाही. ते क्रियापदावर येऊन संपतं, आणि ते क्रियापद ‘मिळो’ नाही, ‘होवो’ही नाही. संस्कृतात करिष्यामि आणि करिष्ये अशी दोन्ही रूपं आहेत. दुसऱ्यात क्रियेचं फळ करणाऱ्याकडे वळतं. जे करीन ते मलाच घडवेल, असं मी त्यातून ऐकतो. तुम्ही गेली कित्येक वर्षं या जागी मनातल्या मनात ‘मन शांत राहो’ असं काहीतरी म्हणत आलात. चांगलं होतं ते, पण त्याला कुठला दिवस नव्हता. कालही तेच म्हटलं होतं.

आज तिची मूठ आठवा. एका दिवसाच्या दळणाएवढीच वैरण. तुम्ही मराठीतच म्हणता, ओठ हलवून, ऐकू येईल असं. आज दुपारी दोन ते चार मी दवाखान्यात आईजवळ बसेन. फोन गाडीत ठेवेन. भाऊ आला की आधी मी बोलेन.

हात कलता करता. बोटांच्या टोकांवरून पाणी ताम्हनात उतरतं. इतकं थोडं उरलं होतं की आवाज जेमतेम होतो. चिकटलेली अक्षता तुम्ही दुसऱ्या हातानं सोडवून त्यात टाकता. मग देव घासायला घेता, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळुंका, एकेक. पूजा झाल्यावर ताम्हन उचलून गॅलरीत जाता आणि ते सगळं पाणी तुळशीच्या मुळाशी ओतता. माती कोरडी आहे, लगेच पिऊन टाकते. खाली रस्ता सुरू झालाय. स्वयंपाकघरात कुणीतरी उठून चहाचं आधण ठेवलंय, आणि डब्यातून पीठ काढल्याचा आवाज येतोय.